गयाबाईनं धरलेले चोर

गया थंडीनं कुडकुडत होती आणि बाहेर वैशाखाचं ऊन होतं. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर ती अंगावर जाड रग घेऊन पडली होती आणि तिचे दात वाजत होते. भांगापासून पायाच्या बोटांपर्यंत ती लाल झाली होती. थोडीथोडकी नाही, सोललेल्या गाजरासारखी. तोंड सुजून डोळ्यांच्या फटी राहिलेल्या. सिस्टरनं चादर बदलायला घेतली तेव्हा चादरीच्या घड्यांतून कोंडा खाली सांडला, पीठ चाळल्यावर उरतो तसा. ती गयाची कातडी होती.

डाक्टरीणबाई तिच्या उशाशी उभी होती. देगलूरकडची पोर, माझ्या नातीच्या वयाची. सगळ्या म्हाताऱ्यांना अम्मा म्हणायची.

"अम्मा, मागच्या काही महिन्यांत कोणतं औषध खाल्लं? झाडपाला, काढा, पुडी, काहीही?"

"काई न्हाई," गया म्हणाली.

मी तोंड उघडलं. तसं गयानं रगाखालून हात काढून माझं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापला होता.

"आक्का, बोलायचं न्हाई."

डाक्टरीणबाईनं ते बघितलं. ती चिडली नाही. म्हणाली, "अम्मा, ही कातडी म्हणजे अंगाचं कुंपण असतं. तुमचं सगळं कुंपण पडलंय. आतलं पाणी बाहेर चाललंय, ऊब बाहेर चाललीय. काय खाल्लं ते कळलं तर मला नीट औषध देता येईल. न्हाई कळलं तर मी अंदाजानं देणार. अंदाज चुकला तर जीव जाऊ शकतो."

गयानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी मनात म्हणाले, ही बाई आता मरते, आणि मरताना सुद्धा आपलंच खरं करून मरते.

गया कोण ते आता सांगते.

उमरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत आम्ही दोघी पोरांसाठी खिचडी शिजवायचो. मी तांदूळ निवडायची, कांदा-टमाटे चिरायची. गया फोडणी द्यायची आणि ढवळायची. ती माझ्यापेक्षा बरीच लहान. मी चौथी पास, ती सहावीत शाळा सोडलेली. ह्या दोन इयत्तांचा तोरा ती मला रोज दाखवायची. "आक्का, तू गप. तू चौथीतली हाईस." ती बौद्ध, आमचं घर मराठ्यांचं. तिचा नवरा वारलेला, माझाही. तिला एकच लेक, अर्धापूरला दिलेली. मला एकच लेक, तो लातूरला नोकरीला. घरी गेलं तर बोलायला भिंती, म्हणून शाळेतच बोलून घ्यायचो.

गया बुटकी आणि ठणठणीत होती. चालायची अशी की शेजारून जाणाऱ्या कोंबड्या बाजूला व्हायच्या. हसताना मांडीवर थाप मारायची. स्वतःची मांडी जवळ नसेल तर माझ्या. शाळेतल्या प्रत्येक पोराला ती साहेब म्हणायची. "ओ कलेक्टरसाहेब, ताट सरळ धरा." "फौजदारसाहेब, नाक पुसा आधी." पोरांना ते खरंच वाटायचं. पहिलीतलं एक शेंबडं पोरगं घरी जाऊन आईला म्हणालं होतं की मी तहसीलदार झालो.

तिची एक मोठी खोड होती. कोणतीही गोष्ट आपोआप झाली असं तिला पटायचंच नाही. बल्ब गेला, मांजर मेलं, दूध नासलं, की ही पदर खोचून उभी. "आपोआप काई होत न्हाई, आक्का. कोणतरी करून राहिलंय. आधी चोर धरा."

एकदा खिचडी कडू झाली. चांगली कढईभर. पोरं तोंड वाकडं करून बसली. हेडमास्तर म्हणाले, डाळ जुनी असेल, सोडून द्या. गया सोडते का? तिनं तांदूळ चाखला. डाळ चाखली. हळद, मीठ, तेल बोटावर घेऊन चाटलं. हापशाचं पाणी पिऊन बघितलं. मला म्हणाली, हात दाव. मी म्हणाले, आता माझा हात चाटते का? तर म्हणाली, वेळ आली तर चाटीन. शेवटी तिनं ढवळायचं लाकूड उचललं. आदल्या दिवशी जुनं मोडलं होतं आणि शाळेच्या शिपायानं मागच्या झाडाची फांदी तोडून तासून ठेवली होती. गयानं त्याला जीभ लावली आणि थुंकली. लिंबाचं ओलं लाकूड. शिपाई समोरच उभा होता. "कडूलिंबानं पोरांचे जंत मरतील म्हणलं," तो म्हणाला. गया ते लाकूड घेऊन त्याच्या मागं शाळेभर पळाली.

त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं की जगात कुठंही शोधा, चोर एकच असतो, आणि तो नीट शोधला की सापडतो. मला वाटतं तिचा घात तिथंच झाला.

रोग आला तो कोपरावर. रुपयाएवढा लाल चट्टा, वर पांढरे पापुद्रे. गया म्हणाली, कोपर टेकून बसते म्हणून. तिनं टेकणं सोडलं. मग दुसऱ्या कोपरावर आला, मग गुडघ्यांवर, मग केसांत. उमरीच्या डाक्टरनं बघितलं आणि सांगितलं, हा सोरायसिस आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जन्मभर राहतो, कमी-जास्त होतो, दाबून ठेवायचा. मलम दिलं.

गयाला ते अजिबात आवडलं नाही. बाहेर आल्यावर रस्त्यातच थांबली.

"दाबून ठेवायचा म्हणजे? घरात चोर ठिऊन झोपायचं का? कशानं झाला ते तर ह्यानं सांगितलंच न्हाई."

"त्याला मालूम नसंल."

"मग मी काढते मालूम करून."

आणि तिनं काढायला घेतलं. गावात विचारायचा अवकाश, प्रत्येकाकडं एकेक कारण तयार. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला वांगं. किराणावाल्याची बायको म्हणाली दूध आणि मासे एका दिवशी खाल्ले असतील. एक म्हातारी म्हणाली, मागच्या जन्मी नाग मारलास. गया तिला म्हणाली, "मागच्या जन्माचं तुला कळतंय, आणि काल माझ्याकडून नेलेली परात कुठं ठेवली ते कळंना?"

पण वांग्याचं तिनं मनावर घेतलं. एक महिना वांगं बंद. चट्टे जागच्या जागी. मग वांगं चालू, तूरडाळ बंद. मग शेंगदाणा बंद. मग अंडं. मग अंगाचा साबण बदलला, मग कपड्याचा. मग कोंबड्या विकून टाकल्या. मग हापशाचं पाणी सोडून लांबच्या विहिरीचं आणायला लागली. एका वेळेला एकच गोष्ट सोडायची, म्हणजे चोर सापडला की ओळखू येईल, असं तिचं गणित. ज्या महिन्यात वांगं निर्दोष सुटलं त्या महिन्यात ती भरल्या वांग्याचं कालवण घेऊन आली आणि ताटाला हात जोडून म्हणाली, "वांग्या, माफ कर बाबा. उगं तुझं नाव घेतलं." मी हसून हसून ठसक्यानं मरायची राहिले.

गंमत अशी की मधूनच चट्टे कमी व्हायचे. उन्हाळ्यात तर पुष्कळच. त्या वेळी तिनं जे काही सोडलेलं असेल तो चोर ठरायचा. एका मे महिन्यात शेंगदाणा चोर ठरला. तिनं गावभर सांगितलं. थंडी पडली आणि शेंगदाण्याचा दाणाही न खाता ती पाठभर फुलली. शेंगदाणा सुटला. मला म्हणाली, "आक्का, हा चोर लई हुशार हाय. लिंबाच्या लाकडासारखा सरळ न्हाई."

पापुद्रे पोरांना दिसू नयेत म्हणून तिनं आणखी एक काम सुरू केलं. टाचा घासायची वजरी असते ना, खरखरीत दगडाची, ती घेऊन रोज सकाळी कोपरं, गुडघे घासायची. खवले निघेपर्यंत. रक्त यायचं. वर खोबरेल चोळायची आणि शाळेत यायची. दोन तास चांगलं दिसायचं. मी म्हणाले, "बाई, अंग हाय का टाच?" तर म्हणाली, "सोच्छ पाहिजे. पोरांच्या ताटाचा सवाल हाय." जिथं वजरीचा ओरखडा बसायचा तिथंच पुढं नवा चट्टा उठायचा. ते आम्हाला दोघींनाही दिसत होतं आणि दोघींनाही कळत नव्हतं.

मग त्या हिवाळ्यात एक बाई शाळेत आली. तिसरीतल्या पोराची आई. आमच्याच भावकीतली. हेडमास्तरांच्या खोलीत उभी राहून मोठ्यानं बोलली, म्हणजे आम्हाला ऐकू जावं म्हणून. "असल्या हाताचं लेकरानं कसं खायचं? खवले पडतील ताटात." तिला त्या दिवशी गयाचे खवले दिसले. खवले नव्हते तेव्हाही तिचं पोरगं घरून डबा आणायचं, हे मला माहीत होतं. मी तिला तसं तोंडावर म्हणाले. ती माझ्याशी आजही बोलत नाही. त्यात माझं काही बिघडलं नाही.

हेडमास्तर वाईट नव्हते, भित्रे होते. गयाला म्हणाले, "काही दिवस तुम्ही ढवळू नका. भांडी घासा. ह्या आक्का ढवळतील."

"गुरुजी, हे लागत न्हाई कोणाला. डाक्टरनं सांगितलंय."

"मला कळतं हो. लोकांना कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा की. मास्तर तुम्ही हाव."

हेडमास्तरांनी हजेरीपट उघडला. गया भांड्यांकडं गेली. कुणाला साहेब म्हणाली नाही, काही नाही. मी ढवळलेली खिचडी खाली लागली. पोरं आधी ताटाकडं बघायची, मग तिच्याकडं बघायची.

ते तिला जिव्हारी लागलं. नवरा गेला तेव्हाही मी तिला रडताना बघितलं नव्हतं. तेव्हा तेरवी उरकून ती लगेच शाळेत हजर झाली होती. ह्या वेळी भांड्यांच्या राखेत तिचे डोळे गळत होते आणि ती म्हणत होती, राख गेली डोळ्यात.

त्याच महिन्यात तिच्या भावजयीनं सांगितलं की लातूरकडच्या एका खेड्यात एक माणूस कातडीच्या रोगावर पुडी देतो, आणि बरं झाल्याशिवाय काही घेत नाही. मी लेकाकडं लातूरला जाणारच होते. ती माझ्याबरोबर आली.

स्वच्छ धोतरातला माणूस. ओटा सारवलेला, उदबत्ती लावलेली, ओट्यावर माणसांची रांग. गयाच्या कोपराला त्यानं हात लावून बघितलं. एवढ्या महिन्यांत तिला हात लावणारा तो पहिला माणूस, म्हणून ती तिथंच पाघळली असं माझं मत आहे. त्यानं विचारलं कशानं झालं ते मालूम हाय का. गया म्हणाली, तेच तर शोधून राहिले. तो म्हणाला, "रक्तात विष उतरलंय. ते काढतो. पण ही पुडी कोणाला सांगायची न्हाई. वाच्यता केली की गुण जातो. डाक्टरला तर मुळीच न्हाई." आणि देवापुढचा अंगारा पुढं केला, म्हणाला, ह्यावर हात ठेवून शपथ घे.

गयानं हात मागं घेतला. "मी देवाची शपथ घेत न्हाई. आमच्यात न्हाई ते. मी जबान देते. चालंल का?"

तो जरा चपापला. म्हणाला, चालेल.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "देव मानत न्हाईस, आणि वाच्यतेनं गुण जातो ते मानलंस?" म्हणाली, "मानते कोण? जबान दिली म्हणजे दिली. माझा बाप, आबा, गरीब होता, पण जबानीचा पक्का होता."

पुडीनं काम केलं, हे खरं आहे. आठ-पंधरा दिवसांत खाज गेली. मग चट्टे विरले. होळीपर्यंत तिची कोपरं माझ्यापेक्षा चांगली झाली. चेहरा गोल झाला, भूक वाढली. सगळे म्हणाले, गया तब्येतीनं सुधारली. हेडमास्तरांनी तिच्या हातात पुन्हा ढवळायचं लाकूड दिलं. जयंतीच्या मिरवणुकीत ती पांढरी साडी नेसून बायकांच्या पुढं नाचली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाही वर करून कोपर दाखवत होती, जणू नवीन पाटल्या केल्यात. मला म्हणाली, "विष होतं, आक्का. रक्तात होतं. गेलं." आणि उरलेल्या पुड्या तिनं चुलीत घातल्या. बरं झाल्यावर औषध खायचं कशाला?

पंधरवड्यात अंगावर लाल ठिपके आले. मग ठिपके एकमेकांना मिळाले. बुद्धपौर्णिमेला ती विहारात गेली नाही म्हणून मी बघायला गेले, तर ती ओसरीवर भर दुपारी गोधडी पांघरून बसली होती, लालभडक, आणि म्हणत होती, थंडी वाजून राहिली. लेकीचे दिवस भरलेले, ती अर्धापूरहून येऊ शकत नव्हती. मीच गावातली जीप केली आणि नांदेडला नेलं.

तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली आणि डाक्टरीणबाई उभी. मी गयाचा हात माझ्या मनगटावरून सोडवला.

"गया, त्या माणसानं तुला काय सांगितलं होतं?"

"गप आक्का."

"पुडीनं बरी होशील म्हणला होता का न्हाई?"

भिंतीकडूनच आवाज आला. "हाव."

"झालीस का बरी?"

आता ती विचार करायला लागली. अंगात ताप, दात वाजताहेत, आणि बाई विचार करतेय. मला तिच्या पाठीवरून कळत होतं. शेवटी ती वळली. डाक्टरीणबाईकडं बघितलं, त्या सुजल्या फटींतून जेवढं बघता येईल तेवढं.

"त्याची जबान त्यानं पाळली न्हाई. मग माझी फिटली. लिव बाई. पुडी खात होते."

आणि तिनं सगळं सांगितलं. पुडीचा रंग, चव, किती वेळा, कधी सोडली. कोण देतो, कोणत्या गावात. एकदा तोंड उघडल्यावर त्या माणसाच्या धोतराची किनार सुद्धा सांगितली.

डाक्टरीणबाई म्हणाली, "अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. खाल्लं की रोग झाकतो, एकदम सोडलं की दुप्पट उसळतो. आता मला कळलं. आता बघते मी." आणि खरंच बघितलं. औषधं बदलली, सलाईन चालू केलं, सगळ्या अंगाला मलम. मी आणि सिस्टर मिळून तिला तेलाच्या पापडासारखी माखायचो. ताप उतरला. कुडकुड थांबली. मग कातडीचे पट्टे निघाले आणि खालून गुलाबी कातडी आली, तान्ह्या लेकराच्या टाचेसारखी. एका सकाळी तिनं रग पायानं खाली ढकलला आणि म्हणाली, "किती उकडून राहिलं हो ह्या दवाखान्यात!" मी पायऱ्यांवर जाऊन बसले आणि पहिल्यांदा पोटभर चहा प्यायले. मला उकाड्याचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

बोलायला लागल्याबरोबर तिनं डाक्टरीणबाईला धरलं.

"आता मला सांगा. चोर कोण?"

डाक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसली. तिला घाई होती, तरी बसली. "अम्मा, तुमच्या घरात आणखी कुणाला होतं?"

"कोणालाच न्हाई." मग गया थांबली. "आबाच्या अंगावर पांढरं पांढरं होतं. लोक गजकर्ण म्हणायचे. उन्हाळ्यातही खांद्यावर पंचा घेऊन बसायचा."

"पहिला चट्टा यायच्या आधी घसा दुखला होता का?"

गयानं माझ्याकडं बघितलं. मला आठवलं. नवऱ्याच्या तेरवीनंतर तिचा घसा असा सुजला होता की पाणी गिळवत नव्हतं. तिनं हळद-मीठ घेऊन अंगावर काढला होता.

"त्या वर्षी मोठी काळजी, दुःख काही?"

"नवरा मेला," गया म्हणाली, तांदूळ संपला म्हणावं तसं.

"थंडीत वाढतं ना? बीपीच्या गोळ्या घेता का कोणत्या? तपकीर, तंबाखू? आणि हे कोपरावर ओरखडे कशाचे?"

वजरीचं ऐकून डाक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. "अम्मा, ह्या रोगात जिथं घासाल, खाजवाल, तिथं नवा उठतो. तुम्ही रोज पेरत होता."

"सोच्छ राहावं म्हणून..."

"माहीत आहे. पण आता नाही." मग तिनं सांगितलं की कातडी नवी करायचं काम अंगात आपोआप चालतं, ह्या रोगात ते उगाच भराभरा चालतं. ती खोड काहींच्या रक्तात जन्मापासून असते. वर्षानुवर्षं गप्प बसते. मग घसा सुजला, थंडी पडली, काळजी लागली, घासलं, एखादं औषध चुकीचं पडलं, की जागी होते. कधी ह्यानं, कधी त्यानं. कधी कशानं ते डाक्टरलाही सांगता येत नाही. वांग्याचा तिच्यापुरता काही संबंध दिसत नाही.

गया ऐकत होती. मला वाटलं आता भांडणार. आपोआप हा शब्द तिच्यापुढं काढायची सोय नव्हती. पण ती म्हणाली, "म्हंजे चोर घरातलाच हाय. बाहेरचे नुसते कडी वाजवून राहिले."

"अगदी तसंच, अम्मा."

"मग त्याला हाकलता येत न्हाई."

"न्हाई. पण झोपवता येतो. आणि कडी कोण वाजवतं ते तुम्हाला आता माहीत झालंय."

गयानं मांडीवर थाप मारली. नव्या कातडीवर बसली तशी ओरडली, मग हसली. मला वाटतं त्या दिवशी तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. मागच्या जन्मीचा नाग नव्हता, विष नव्हतं, ती घाण नव्हती. बापाकडून नाक येतं तसं हे आलं होतं. ती दुपारभर आबाबद्दल बोलत राहिली. त्याचा पंचा, त्याचं वेगळं बसणं. "त्याला कोणी सांगितलंच न्हाई गं, की हे लागत न्हाई. मला कडेवर घ्यायला भ्यायचा."

घरी आली तेव्हा लेकीला मुलगी झाली होती. शाळा सुरू झाल्या आणि मी पुन्हा खिचडी करपवायला लागले. एक दिवस हेडमास्तर स्वतः तिच्या दारात आले. मी तिथंच होते. म्हणाले, "गयाबाई, सोमवारपासून या. पोरं जेवत नाहीत नीट. पालकांना मी सांगितलंय. बैठक घेऊन सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"लागत नाही म्हणून."

"बसा," गया म्हणाली. "आधी च्या घ्या."

तिनं चहा केला. कोपरावर तेव्हा दोन छोटे चट्टे होते, तिनं झाकले नाहीत. कप समोर ठेवला. हेडमास्तरांनी कपाकडं बघितलं, आम्ही दोघींनी हेडमास्तरांकडं बघितलं. त्यांनी उचलून प्यायला. शेवटपर्यंत. मग गया म्हणाली, "येते सोमवारी. पण लाकूड सागाचं पाहिजे." त्या भावकीतल्या बाईचं पोरगं अजून डबाच आणतं. आणू दे. बाकीची साहेब मंडळी ताट घेऊन रांगेत उभी असतात.

रोग गेला नाही. थंडी पडली की कोपरं, गुडघे, कानामागं थोडं येतं. मग ती मलम लावते, अंघोळीला गरम पाणी घेत नाही, घसा खवखवला की अंगावर न काढता उमरीला जाते, नांदेडला तपासणीला जाते. वजरी तिनं मला देऊन टाकली. कुणी आलं आणि म्हणालं की अमुक ठिकाणी अमुक औषध मिळतं, तर विचारते, "डाक्टरला सांगितलं तर चालतं का?" समोरचा अडखळला की हाकलून देते.

मागच्या हिवाळ्यात माझे गुडघे गेले आणि लेक मला लातूरला घेऊन आला. निघायच्या दिवशी गया रस्त्यापर्यंत पोचवायला आली. कडेवर नात होती, लेक माहेरी आलेली. गाडी यायला वेळ होता. सकाळची थंडी, अंगावर ऊन घेत आम्ही उभ्या. गया काय करत होती, तर नातीची बाही वर करून कोपर बघत होती. एक बघितलं, मग दुसरं. अंगठा ओला करून घासून बघितलं. मग कानामागं.

"काय बघून राहिलीस?"

"काई न्हाई. डाक्टरीण म्हणली, येऊ बी शकतं, न्हाई बी."

"मग रोज बघत बसणार का?"

"आबाकडनं मला आलं, आक्का. माझ्याकडनं हिला आलं तर?"

"आलं तर आलं. तुला आलं. मेलीस का तू?"

गयानं बाही खाली ओढली. पोरीनं तिच्या नाकाला धरलं होतं, ते सोडवलं. नाक तेच होतं, बसकं, आबाकडून आलेलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "न्हाई की."

गाडी आली. लेकानं मला आत चढवलं. काचेतून बघितलं तर ती पोरीला कडेवर उंच करून काहीतरी सांगत होती, बहुतेक कलेक्टरसाहेब, आक्काला टाटा करा. मग वळण आलं.

मी आता लातूरला असते. गया गावात आहे. ती त्या दुखण्यातून जगली.